कचेरीपुढचा खुंटा

मालगुजाराची जुनी कचेरी कधीच पडली होती. शामकलाने म्हाताऱ्यांना विचारविचारून मातीची हुबेहूब कचेरी घडवली, पाटावर मावेल एवढी. गावच्या मेळाव्यात ती पाहून मालगुजाराचा नातू खूश झाला. मग त्याला त्या मातीच्या कचेरीच्या अंगणातला बोटभर खुंटा दिसला. “हा काढून टाक, बाई. पाहुणे विचारतील.” “विचारू द्या! बेगारीले नाही म्हटलं म्हणून माह्या आज्याले इथंच बांधून झोडपलं होतं.” “जुनं उकरून काय मिळते?” म्हणत त्याने खुंटा उपटून खिशात घातला. शामकलाच्या डोक्यात तिडीक गेली. “खुंटा द्या, नाही तर कचेरी फोडते इथंच!” ती ओरडली. मागच्या ओळीतून म्हातारी सुखवंता काठी टेकत उठली. “माह्या बापालेही बांधलं होतं.” नातवाने खिशातून खुंटा काढून शामकलापुढे धरला. तिने हात पुढे केला नाही. “मले नोका देऊ. तुमीच रोवा.”