जाळीला चिकटलेला कागद

महिनाभर माझं आणि ताईचं एकाच गोष्टीवरून वाजत होतं: नवा कॉम्प्युटर थंड कशानं ठेवायचा. मला पाण्याच्या नळ्यांचं कूलिंग हवं होतं. ताई म्हणायची, "वीज आणि पाणी एका डब्यात? डोकं ठिकाणावर आहे ना?" शेवटी तीच जिंकली. मोठे काळे पंखे आले, झकास ग्राफिक्स कार्ड आलं आणि रविवारी सकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावरच सगळं जोडलं.

पुढचा पंखा उलटा बसला तर हवा आत यायची सोडून बाहेर जाते. म्हणून तपासायला मी पंख्यापुढच्या जाळीसमोर टिशूचा कागद धरला. तो चटकन चिकटला.

"बघ, कसली हवा खेचतोय! एकदम बरोबर बसलाय!" मी ओरडलो.

"थापा मारू नकोस," ताई हसली. "विजेची वायर अजून माझ्या हातात आहे."

खरंच होती. तिचं प्लॅस्टिकही अजून काढलं नव्हतं.

कागद सुटून माझ्या बोटांकडे फुगला. परत चिकटला. परत फुगला. पंख्याची पाती मात्र जागची हलत नव्हती.

"गाढवा, तूच फुंकतोयस."

मी तोंड मिटून श्वास रोखला. कागद जाळीला चिकटून तसाच राहिला.

"पाहिलंस?" म्हणत ताईनंही गंमत म्हणून गाल फुगवून श्वास रोखला. लहानपणी पैज लावायचो तसे आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आधी कोण सोडतंय?

आधी कागद फुगला. माझ्या बोटांना जाळीतून आलेली ऊब लागली.