वर्षानंतरचा दम

डॉक्टरांनी तो नवा पट्टा छातीला बांधताच हणमंत शेलारांनी तरुणपणी चढाईला घेत तसा दम घेतला. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." आवाज तुटेचना. सिगारेटींपायी जिन्यातही बसकण मारणारा आपला नवरा तो हाच का, मालतीबाई बघतच राहिल्या.

"डॉक्टर, हा कोणाचा श्वास?" हणमंतरावांनी विचारलं.

"तुमचाच. वर्षानंतरचा. पट्टा तुमच्या मनातला निश्चय वाचतो आणि वर्षाने छाती जशी असेल, तसा श्वास आत्ताच देतो. आज सिगारेट सोडलीत, तर हा."

हणमंतरावांना भरून आलं. एवढ्या आनंदात एक तरी ओढावी, म्हणून हात सवयीने खिशातल्या पाकिटाकडे गेला.

त्याच क्षणी दम तुटला. छाती भरेना, घशातून नुसती शिट्टी वाजली.

"हाही तुमचाच," डॉक्टर म्हणाले. "वर्षानंतरचा."