टेबलाचं माप

"हे नको," पंकजा म्हणाली आणि लिननचा आणखी एक तागा तिने बाजूला सारला.

सावेडीतल्या त्या चिंचोळ्या दुकानात पंखा फिरत होता, पण हवा हलत नव्हती. तिचं मनही तसंच, जागच्या जागी गरगरणारं.

"कशासाठी पायजे, ते तरी सांगा," छबूबाई म्हणाल्या. दुकान त्यांचंच. कापड, रंगीत दोरे, सुया आणि समोर येईल त्याची फिरकी.

"टेबलक्लॉथ, मावशी. कोपऱ्यावर थोडं भरतकाम करायचंय."

खोटं बोलताना तिची नजर दाराबाहेरच्या स्कूटरकडे गेली. निघून जावं, असं वाटलं. गेल्या वर्षी तिने असंच हौसेनं नवंकोरं कापड आणलं होतं. कुंचीवर चिमण्या भरल्या होत्या. 'बाळाचं पहिलं वस्त्र जुन्याचंच करावं, नवं घालू नये,' असं तिसगावहून आई फोनवर बजावत राहिली. पंकजा हसली होती. कुंची पुरी झाली. बाळ आलंच नाही. चिमण्या कपाटाच्या तळाशी अंधारात राहिल्या.

आता पुन्हा दिवस गेले होते. नवऱ्याखेरीज तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. हात मात्र ऐकत नव्हते. त्यांना सुई हवी होती.

छबूबाईंनी जाड कापड उलगडलं. "हे घ्या. टेबलावर ताठ बसतंय."

पंकजाने ते मनगटाच्या आतल्या बाजूला घासलं. खळ टोचली. दुसरं तलम होतं, पण उजेडात धरताच वीण विरळ दिसली. टाका ओढला की धागे सरकले असते. पुढचं तिने गालाला लावलं आणि ते तिथेच राहिलं.

"तुमच्या टेबलाला बी टोचतंय व्हय?" छबूबाईंनी विचारलं. "किती देऊ?"

"अर्धा मीटर."

"लई बारकं टेबल हाय."

पंकजाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. छबूबाईंनी कात्री चालवली, घडी घातली. ती देताना त्यांचा तळवा क्षणभर घडीवरच रेंगाळला. आवाज खाली आला.

"घरी न्हेलं की गरम पान्यात धू. वाळलं की पुन्हा धू. पार मऊ, जुनं होऊ दे, मगच सुई लाव." मग त्या पुढचा तागा गुंडाळू लागल्या. "टेबलाला नवं कापड घालीत न्हाईत, पोरी."