दोन घोट पाणी

भाजीबाजारातल्या बायकांसाठी शौचालय करायचं, तर आधी त्यांचं ऐकायचं आणि मगच आखणी करायची, हे डिझाइन थिंकिंगचं सूत्र वल्लरीने मनापासून पाळलं होतं. सातपूरला मेथी विकणाऱ्या नवसाबाई म्हणाल्या होत्या, "पहाटे दोन घोट पाणी पिते, मग घरी गेल्यावरच." ते वाक्य पिवळ्या चिठ्ठीवर लिहून तिने महिनाभर ऑफिसच्या भिंतीवर डकवून ठेवलं. शौचालय झालं, फीत कापली, फोटो निघाले, पुण्यात बक्षीसही मिळालं.

चार महिन्यांनी ती शौचालय वापरणाऱ्यांचं मत विचारायला बाजारात आली.

"नवसाबाई, आता पाणी किती पिता?"

"तेवढंच. दोन घोट."

"अहो, शौचालय बांधलंय ना तुमच्यासाठी!"

"त्याला कुलूप हाय की ताई, पहिल्या दिवसापासून. आमाला वाटलं, फोटोपुरतंच असंल."

वल्लरी भडकली. कुणाला तरी चांगलंच फैलावर घ्यायचं म्हणून फोन काढायला तिने पर्समध्ये हात घातला.



बक्षिसाच्या परीक्षकांना शौचालय स्वच्छ दिसावं म्हणून तिनेच लावलेल्या कुलपाची किल्ली हाताला लागली, उद्घाटनाच्या लाल फितीचा तुकडा किल्लीला अजून तसाच बांधलेला.