आठवा प्रश्न

"वय?" मी विचारलं.

"कुणाचं? माझं का दाव्याचं?" कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर हौसाबाई ऐसपैस बसल्या होत्या. विहिरीच्या वाटणीचा त्यांचा दावा एकोणीस वर्षांचा होता.

मी न्यायसेवांवर संशोधन करते. पक्षकारांना कोर्टात काय त्रास होतो, ते विचारायला आले होते. चाळीस प्रश्न आहेत म्हटल्यावर त्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"विचारा की. इतक्या वर्षांत मला काही विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आत सगळे वकिलाशीच बोलतात."

त्या इतक्या मनापासून बोलल्या, की सातव्या प्रश्नालाच दुपार झाली आणि माझ्या टॅबची बॅटरी संपली. आठवा प्रश्न होता, 'निकालाला उशीर कशामुळे होतो?'

मी ओशाळून म्हटलं, "मावशी, बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ या का?"

"म्हंजे तारीख."

त्यांनी पिशवीतून गुंडाळलेलं कॅलेंडर काढून बाकावर पसरलं. त्यावर ठिकठिकाणी निळे गोल होते. माझ्या हातात पेन देत त्या म्हणाल्या, "करा, तुमचाबी एक गोल करा. आता शोभता कोर्टातल्या."