शेवटचं प्रूफ

"राहतं घर तुम्ही मुलाच्या नावावर करताय. संमती आहे ना?" नोंदणी अधिकाऱ्याने चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला विचारलं.

"ओके," म्हातारा म्हणाला.

दुसरं काय म्हणणार बिचारा? अर्धांगाचा झटका आला, सगळी भाषा घेऊन गेला आणि हा एवढा एकच शब्द जिभेला चिकटून राहिला. पाणी हवं तरी ओके, उशी टोचली तरी ओके, सूनबाईंनी भांडी आपटली तरी ओकेच. घरात सगळ्यांना त्याचे सूर पाठ झाले होते. मुलाला तर जास्तच. डॉक्टरांना तोच समजावून सांगायचा, हा ओके म्हणजे दुखतंय, हा म्हणजे पुरे. आणि गंमत बघा, याच म्हाताऱ्याने पस्तीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली. पानावर एक चूक राहिली तरी ओके लिहायचा नाही. मालकाने आकाशपाताळ एक केलं तरी नाही.

वाचता मात्र अजून येत होतं. कागद पुढ्यात आला, तसं त्याचं डावं बोट ओळीओळीवरून सरकू लागलं. 'स्वखुशीने' या शब्दावर ते थांबलं आणि हलेचना.

"ओके," तो म्हणाला. मग ओरडूनच, "ओके! ओके!" मानेच्या शिरा फुगल्या.

अधिकारी घुटमळला. "चिडलेत का हे?"

"छे हो, खूश आहेत," मुलगा म्हणाला. शब्दावरचा तो हात त्याने उचलला आणि अंगठा शाईवर दाबला.

अधिकाऱ्याने खुर्चीमागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या बायकोकडे पाहिलं. तिला सगळं कळत होतं. उद्यापासून दोन घास मुलाच्याच हातचे, हेही कळत होतं. दोष तरी कसा द्यायचा तिला?

"हो म्हणतायत," ती पुटपुटली.

घरी आल्यावर तिने पाण्याचा पेला पुढे केला, देऊ का म्हणून विचारलं. तो नुसता बघत राहिला. उशी नीट करू का, दिवा लावू का, कुठे दुखतंय का, सगळं विचारून झालं. शेवटी तिला रडू फुटलं.

"अहो, ओके तरी म्हणा."

म्हाताऱ्याने ओठ घट्ट मिटून घेतले. पानावर चूक राहून गेली होती ना.