नसलेला ब्रेक

आमचे हे मोटार चालवायला शिकवतात. शिकाऊंच्या शेजारी बसून बसून यांच्या पायाला खोडच लागलीय; कुणाच्याही गाडीत बसले की नसलेला ब्रेक दाबतात. जंगलातल्या उघड्या जीपमध्येही तेच. "बाबा, पाय!" म्हणत मुलं खिदळत होती. वळणावर हत्तीचं पिल्लू आडवं आलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पिल्लामागोमाग त्याची आई आली, थेट आमच्यापाशीच. आभाळच झाकलं. सोंडेतला गरम श्वास मुलांच्या केसांतून फिरला. कुणाची पापणीही लवली नाही. मग पिल्लाला पुढे घालून ती झाडीत शिरली. एवढं थोरलं धूड, पण पाचोळासुद्धा वाजला नाही. ड्रायव्हर मागे वळून कुजबुजला, "सोडा आता, गाडी कधीचीच थांबलीय." खाली पाहिलं. आम्ही सगळेच ब्रेक दाबून बसलो होतो. धाकटीचे पाय पोचत नव्हते, म्हणून ती दोन्ही हातांनी बाबांचा गुडघा दाबत होती.